आर्नेबुवांच्या खोलीतली एक फाइल

पांढुर्ण्यात माझ्या दारी प्रिंटर घेऊन येणाऱ्यांची कमी नाही. "मॅडम, तुम्ही कम्प्युटरवाल्या न? जरा पाहा बरं, कागद खाऊन राहिला हा." मी सांगते, बाबा, मला प्रिंटरातलं ओ की ठो कळत नाही. मग समोरच्याचा चेहरा असा होतो, की एवढी वर्षं या बाईनं केलं तरी काय! आमचे हे, म्हणजे माझे यजमान, रिटायर्ड हेडमास्तर. ते बिचारे माझी बाजू घ्यायला बाहेर येतात. "अहो, तिचं काम आतलं असते. दिसत नाही ते." यावर एक गृहस्थ मला म्हणाले, "दिसतच नाही, तर झालं की नाही हे साहेबाले समजते कसं?"

प्रश्न चोख होता. त्या गृहस्थांना तेव्हा मी चहा पाजून वाटेला लावलं, पण उत्तर द्यायचं राहून गेलं होतं. ते इथं देते.

मोबाइल घ्या, एटीएम घ्या, टोलनाक्यावरचा दांडा वरखाली करणारी पेटी घ्या. सगळ्यांच्या पोटात एक कारभारी बसलेला असतो. त्याला कर्नल म्हणतात, फौजेतला नव्हे. वरचे प्रोग्रॅम हुकूम सोडतात, खालची यंत्रं राबतात, आणि मधे हा. आमचा कर्नल कुण्या एका कंपनीच्या मालकीचा नाही. जगभरचे लोक तो मिळून लिहितात, त्यासाठी ई-मेलवर कडाकडा भांडतात, आणि भांडण मिटलं की नव्या ओळी आत घेतात. त्यातला एक लहानसा कोपरा बरीच वर्षं माझ्या राखणीत आहे. मोजमाप करणाऱ्या चिपांचा कोपरा. वजन, तापमान, दाब असलं सगळं. मागच्या वर्षी नोकरी संपली, कंपनीनं शाल दिली, नारळ दिला. राखण मात्र सुटली नाही, कारण ती कंपनीनं दिलेलीच नव्हती.

आता लोकांना वाटतं, ही बाई दिवसभर कोड लिहिते. छे! माझा अर्धा जन्म "हे कुठं ठेवायचं?" या एका प्रश्नात गेला. हसू नका. ज्या बाईनं नव्या घरात स्वैपाकघर लावलं आहे, तिला हा प्रश्न काय असतो ते माहीत आहे.

गोष्ट अशी आहे. प्रोसेसरची घराणी असतात. प्रत्येक घराण्याची बोली वेगळी, सवयी वेगळ्या. कर्नलमध्ये प्रत्येक घराण्याला स्वतःची एक खोली दिलेली आहे. त्या खोलीत फक्त घरातल्या खाजगी गोष्टी ठेवायच्या. हा प्रोसेसर सुरू झाला की आधी काय करतो, त्याची स्मृती कशी लावायची, वगैरे. आणि सगळ्या खोल्यांच्या बाहेर एक मोठं सामाईक कोठार आहे. एखाद्या चिपशी बोलणारा जो कोड, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, तो या कोठारात ठेवायचा. कोणत्याही घराण्यानं यावं, उचलावं, वापरावं.

ऐकायला किती सोपं! पण लोक मोठे इरसाल असतात. एकजण आपला ड्रायव्हर मुद्दाम खोलीत दडवायचा, कारण कोठारात माझी तपासणी कडक. दुसऱ्या एकानं आपल्या प्रोसेसरची झोपायची-उठायची सगळी भानगड माझ्या कोठारात आणून टाकली. का, तर म्हणे साहेबांनी सांगितलं. मी परत पाठवली. त्यानं पुन्हा आणली. मी पुन्हा पाठवली. मग त्यानं लिहिलं, "मॅडम, प्लीज." मी लिहिलं, "नाही." आमच्या यादीवर, म्हणजे जिथून सगळ्यांना सगळ्यांच्या मेल जातात तिथं, माझी ख्याती तशी फार गोड नाही.

आणखी काहींना हौस असते, की मशीन सुरू झाली की पडद्यावर आपलं नाव झळकलं पाहिजे. "हा ड्रायव्हर अमक्या-तमक्यानं लिहिला." आपल्याकडे लग्नात भेट द्यायच्या ग्लासावर नाव कोरतात तसं. पाणी प्यायचं सोडून माणूस नावच वाचत बसतो. असल्या ओळी मी डोळे झाकून कापते. लोकांची मनं दुखावतात, दुखावू देत. कारभाऱ्यानं काम करावं, स्वतःची जाहिरात करू नये.

तर खोली की कोठार, हे ठरवायला मी एक प्रश्न करून ठेवला आहे. प्रत्येक फाइल हातात घेऊन तिला विचारायचं, "बाई, ह्या घराण्याची खोली उद्या पाडली, तर तू मरशील की जगशील?" मरशील म्हणाली तर खोलीत. जगशील म्हणाली तर कोठारात. पुष्कळ फाइली खोटं बोलतात, ते निराळं.

हा प्रश्न नुसता मेलवर विचारत होते तोवर बरं होतं. एका उन्हाळ्यात तो माझ्या माहेरी, सौंसरला येऊन बसला.

सौंसरची प्रमिला माझी शाळेतली मैत्रीण. एका बाकावर बसून आम्ही सारख्याच चुकीची गणितं सोडवली. मी शिकायला नागपूरला गेले, ती संत्र्यात राहिली. रामाकोन्याच्या रस्त्यावर तिची शेड आहे. बागांतून संत्रा येतो, तिच्या शेडमध्ये पाच बाया तो मशीनवर छाटतात. ही मशीन तिनं एका बंद पडलेल्या शेडमधून जुनीच घेतली होती. संत्रं पट्ट्यावरून येतं, एका वाटीत बसतं, वाटीखाली काटा असतो, काटा वजन सांगतो, आणि पुढे बरोबर खान्याचं झाकण उघडून संत्रं आत पडतं. बारीक, मध्यम, मोठं असे तीन खाने. मग कॅरेट भरायचे आणि गाडी सोडायची.

उन्हाळ्यात एक दिवस विजेनं उडी मारली आणि मशीनचं मुख्य बोर्ड जळालं. काट्याचं कार्ड वेगळं होतं, ते वाचलं. नागपूरच्या मेकॅनिकनं नवं बोर्ड बसवून दिलं. पट्टा चालायला लागला, दिवे लागले, पण काटा मुका. वाटीत काहीही ठेवा, वजन शून्य. मेकॅनिक म्हणाला, ह्या कार्डाचा ड्रायव्हर नव्या बोर्डात नाही, नवी मशीन घ्या. आणि गेला.

प्रमिलाचा फोन आला. "वंदे, काय करून राहिली वं?"

"पापड वाळवून राहिली."

"ते ठेव बाजूले. माह्या काट्याचं तोंड बंद झालं. तो मेकॅनिक म्हणते ड्रायव्हर पाहिजे. मी म्हटलं, डायवर तर हाय न माह्याकडे, टेंपोवर. तर हासला मेला."

मी पण हसले, पण ती हसत नव्हती. "दिवाईच्या आगेमागे आंबिया बहार येते, वंदे. तोपर्यंत मशीन बोलली नाई, तं व्यापारी डोयानंच माल पाहतीन अन् सरसकट उचलतीन. मंग छाटाले शेड कायले पाहिजे अन् पाच बाया कायले पाहिजे? बंद करा लागते मले." हे सांगताना तिचा आवाज बसला. प्रमिलाचा आवाज बसलेला मी शाळेपासून तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

मी कर्नल उघडला आणि त्या कार्डाचा ड्रायव्हर शोधला. होता! पण कोठारात नव्हता. एका जुन्या घराण्याच्या खोलीत पार मागच्या कोपऱ्यात होता. प्रमिलाचं जळालेलं बोर्ड त्याच घराण्याचं. नवं बोर्ड दुसऱ्या घराण्याचं, त्यामुळे त्या खोलीत त्याला पाऊल टाकता येत नव्हतं. सामान आहे, डोळ्यांना दिसतं आहे, पण दार आपलं नाही.

त्या खोलीचा राखणदार एकटाच होता. त्याचं नाव आर्ने. पार उत्तरेकडे, थंड समुद्राच्या काठी राहणारा माणूस. मी त्याला कधी पाहिलं नाही, पण वर्षानुवर्षं मेलवर बोललो आहोत. माझ्याहून वयानं बराच मोठा, मोजकं लिहिणारा, आणि हट्टी. मी घरात त्याला आर्नेबुवा म्हणते. ती खोली त्यानंच बांधली, त्यानंच झाडली. पण त्या घराण्याचे प्रोसेसर आता कोणी बनवत नाही. यादीवर चर्चा होऊन ठरत आलं होतं, की कोणी वापरत नाही, तर पुढच्या आवृत्तीत ही खोली पाडायची. म्हणजे ड्रायव्हरही गेला, काटाही गेला, प्रमिलाची शेडही गेली.

"अवं, तू काही जुगाड कर न," प्रमिला म्हणाली.

जुगाड मी पापड उलटे करता करता केला असता. पण माझ्या घरगुती जुगाडाला मेकॅनिक हात लावणार नाही. तो तयार मिळतं तेच बसवतो, त्याचं तरी काय चुकलं? अन् मशीन पुन्हा बसली तर? मी काय जन्मभर रामाकोन्याच्या रस्त्यावर बसू? शिवाय तेच कार्ड लावलेल्या मशीनी आमच्या संत्रापट्ट्यात आणखी असणारच. ती फाइल खऱ्या कर्नलमध्येच, कोठारात यायला पाहिजे होती. आणि खोली पडायच्या आत.

मी आर्नेबुवांना रीतसर पॅच, म्हणजे बदलाचा मसुदा, पाठवला. फाइल खोलीतून उचलून कोठारात ठेवायची, पहिल्या खेपेला ओळ बदलायची नाही. आमच्यात नियम आहे, हलवणं वेगळं आणि बदलणं वेगळं. दोन्ही एकदम केलं की कोणी काय केलं ते कळत नाही. मागे पांढुर्णा जिल्हा झाला आणि सौंसर छिंदवाड्यातून उठून पांढुर्ण्यात आलं, तसंच हे. पत्ता बदलला, प्रमिलाची विहीर होती तिथंच आहे.

आर्नेबुवांचं उत्तर आलं. "नाही. ही फाइल या खोलीतली आहे. खोली जाईल तेव्हा तिच्याबरोबर जाईल. घर पाडायचं ठरलंच आहे, तर त्याच्या आधी येऊन त्यातलं एकेक भांडं उचलून नेऊ नका."

माझं डोकं असं फिरलं! प्रमिलाच्या पाच बाया घरी बसणार, आणि हा माणूस भांडी मोजत बसला आहे! मी एक लांबलचक पत्र लिहिलं. त्यात मी त्याला जे जे म्हणायचं ते सगळं म्हटलं. आमच्या हेडमास्तरांनी ते चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, "यानं फाइल मिळेल, की फक्त तुला बरं वाटेल?"

"मला बरं वाटेल."

"मग मला पाठव. त्यांना नको."

पाठवलं हेडमास्तरांनाच. त्यांनी उत्तरादाखल व्याकरणाच्या दोन चुका काढल्या.

राग उतरल्यावर मला आर्नेबुवांचं दुःख दिसलं. आयुष्यभर राखलेली खोली पाडताना माणसाला कसं वाटत असेल? मग मी ठरवलं, वाद घालायचा नाही, फाइल बाहेर जगते एवढं दाखवायचं. माझ्या लॅपटॉपवर मी ती कोठारात हलवली. त्यात त्या घराण्याच्या बोलीतली एक खास सूचना होती, तिच्या जागी सगळ्यांना कळणारी घातली. आणि सौंसरची बस धरली.

पण उन्हाळ्यात संत्रं आणायचं कुठून? प्रमिलानं घरातली लिंबं आणली, बटाटे आणले, बाजारातून दोन मोसंब्या आणल्या. पाची बाया तमाशा पाहायला उभ्या. मी लॅपटॉपवरचा कर्नल मशीनवर चढवला आणि ती सुरू केली. काटा बोलला! आकडे यायला लागले. प्रमिलानं माझा दंड असा दाबला, की दुसऱ्या दिवशी निळा पडला. मी म्हटलं, टाक.

तिनं लिंबू टाकलं. लिंबू ऐटीत पट्ट्यावरून गेलं, वाटीत बसलं, आणि मोठ्या खान्यात पडलं. मग मोसंबी टाकली, चांगली मुठीत न मावणारी. ती बारीक खान्यात.

"अगं माय!" एक बाई म्हणाली. "वयनी, मशीनले चढली का काही?"

"माह्या वंदीनं शाळेत असेच गणितं केले," प्रमिला म्हणाली. सगळ्या हसून हसून पोट धरून बसल्या, आणि मीही. डोळ्यांतून पाणी आलं.

हसता हसताच मला चूक दिसली. आपण एकवीस लिहिताना दोन आधी लिहितो, पण बोलताना एक आधी म्हणतो, एक-वीस. प्रोसेसरच्या घराण्यांतही असंच असतं. जुनं घराणं मोठा भाग आधी वाचायचं, नवं घराणं लहान भाग आधी वाचतं, म्हणून बाराचे एकवीस आणि एकवीसचे बारा झाले. आर्नेबुवांनी फाइल लिहिताना गृहीत धरलं, की सगळं जग आपल्यासारखंच वाचतं. त्यांच्या खोलीत ती चूक नव्हतीच. खोलीबाहेर पाऊल ठेवलं तेव्हा ती चूक झाली. माझ्या प्रश्नाला ह्या फाइलनंसुद्धा खोटं उत्तर दिलं होतं.

लिंबाचा व्हिडिओ मोबाइलवर काढला होता. त्यात बायांचं हसणंही आलं होतं. मी तो तसाच आर्नेबुवांना पाठवला आणि खाली एवढंच लिहिलं, "तुमची फाइल माझ्या माहेरी आली आहे आणि असं वागून राहिली आहे."

त्यांचं उत्तर त्याच दिवशी आलं. मी त्यांचं एवढं मोठं पत्र आधी कधी वाचलं नव्हतं. पहिली ओळ होती, "तो पिवळा मासा कोणता?"

मग उलगडलं. तरुणपणी त्यांच्या गावच्या बंदरात मासे वजनानं वेगळे करायची मशीन होती, तिच्यासाठी त्यांनी हा ड्रायव्हर लिहिला होता. ते मत्स्यकेंद्र कधीच बंद पडलं. "मला वाटलं होतं, हे आता जगात कोणीच वापरत नाही," त्यांनी लिहिलं. "तुमच्या मैत्रिणी हसतात ते मी चार वेळा पाहिलं. माझ्या बायकोलाही दाखवलं. वाचायचा क्रम मी गृहीत धरला, तो दोष माझा. दुरुस्ती सोबत आहे. फाइल घेऊन जा." सोबत खरंच दुरुस्ती होती, स्वच्छ, नेमकी, जिथं पाहिजे तिथंच. आणि शेवटी एक विनंती होती. "खोली मी बांधली. पाडायचा पॅच मला पाठवू द्या. तुमचं सामान निघेपर्यंत मी थांबतो."

आमच्या कर्नलचं दार नव्या सामानासाठी थोडे दिवस उघडतं, मग बंद होतं. दार बंद व्हायच्या आत माझी फाइल कोठारात गेली. आर्नेबुवा थांबले. ती नीट लागली याची त्यांनी खात्री करून घेतली, आणि मग स्वतःच्या हातानं खोली पाडली. पाडलेल्या ओळी आमच्याकडे लाल रंगात दिसतात. मी खाली सरकवत गेले, सरकवत गेले, लाल रंग संपेना. मला फार वाईट वाटलं. त्या दिवशी यादीवर कोणी कोणाशी भांडलं नाही. नाहीतर आमच्याकडे असा दिवस नसतो.

आता एक सांगायचं राहिलं. कोठारात आलेल्या त्या फाइलमध्ये आर्नेबुवांची तरुणपणीची एक ओळ होती. मशीन सुरू झाली की पडद्यावर छापायची, "हा ड्रायव्हर आर्नेनं लिहिला." तसलीच, ग्लासावर नाव कोरल्यासारखी. मी आजवर शेकडो जणांच्या कापल्या तशी. एका तरुण राखणदारानं लगेच नजरेस आणून दिलं, "वंदना, ती नावाची ओळ कापायची तू विसरलीस." मी उत्तर लिहिलं, "विसरले नाही." त्यावर त्यानं पुढे काही विचारलं नाही. ख्यातीचा असाही उपयोग होतो.

दिवाळीच्या तोंडावर मेकॅनिकनं नवी आवृत्ती आणून प्रमिलाच्या मशीनवर चढवली. जुगाड नाही, तयार, सगळ्यांना मिळते तीच. आंबियाचा पहिला माल आला त्या दिवशी मला प्रमिलानं मुद्दाम बोलावलं. शेडमध्ये संत्र्याचा वास भरलेला. पाची बाया डोक्याला रुमाल बांधून आपापल्या जागी.

प्रमिलानं बटण दाबलं. मशीनच्या छोट्या पडद्यावर ओळी धावल्या, आणि त्यात एक नाव येऊन क्षणभर थांबलं. प्रमिला इंग्रजी अक्षरं लावत लावत वाचायला लागली. "आ... र... ने. हा कोन होय वं, वंदे?"

"तुह्या काट्याले बोलायले शिकवलं त्यानं."

"कुठचा होय?"

"लय दूरचा. समुद्राकाठचा."

"घर कुठं हाय त्याचं?"

"होतं. पाडलं ते," मी म्हटलं. "आता इथंच राहते."

प्रमिला पडद्याजवळून खान्यांकडे वळली. तोवर पट्टा सुरू झाला होता. बारीक संत्रं बारीक खान्यात पडत होतं, मोठं मोठ्यात. तिनं मोठ्या खान्यातलं पहिलं संत्रं उचललं, सोललं, प्रत्येकीच्या हातावर एकेक फोड ठेवली. एक उरली. ती तिनं पडद्याच्या वर, मशीनच्या कपाळावर ठेवली.

"राहू दे न मंग बाप्पा," ती म्हणाली. "जागा हाय."